उमीच्या पाठीवरचा बिंडा

न्हाणीच्या चुलीत दुसरं लाकूड घातलं आणि ते कागदासारखं भसकन पेटलं, तेव्हा मला शंका आली. आमचं जळण बाभळीचं. ते पेटेपर्यंत माणसाला रडवतं. हे हातात घेतलं तर वजनच नाही. तिसरं चुलीत जाता जाता मी मागं ओढलं आणि उजेडात धरून बघितलं. हातभर लांब, साल काढलेलं, टोकं घासून गुळगुळीत केलेली, मधे दोरीचा वळ. उमीच्या बिंड्यातलं दांडकं होतं ते.

बिंडा म्हणजे पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधायची मोळी. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की इतकं हलकं होतं की पाण्यात दाबून धरलं तरी वर येतं. त्याची दहा दांडकी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायची, पोराच्या पाठीला दोरीनं आवळायची आणि पोर विहिरीत सोडायचं. उमीचा बिंडा ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, स्वतः तासून केला होता. साखर कारखान्यात फिटर असलेला माणूस, त्यामुळं एकेक दांडकं मापात. आणि मी ती दहाच्या दहा मोजून घेतली होती, कारण माझ्या पोरीच्या बाबतीत माझा कुणावरच भरवसा नव्हता.

जळणाच्या ढिगात हात घालून चाचपलं. अजून पाच निघाली. दोन जळाली, एक हातात आणि ही पाच. म्हणजे माझ्या पोरीच्या पाठीवर दोनच दांडकी राहिली होती, आणि पोरगी त्या घडीला विहिरीत होती.

चूल तशीच सोडली आणि मळ्याकडं पळत सुटले. वाटेत आक्कांना मनातल्या मनात काय काय बोलले ते सांगत नाही.

आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, हौसाक्का. नवरा लवकर गेला, तेव्हापासून माहेरीच. मे महिना लागला की सकाळी सातला नऊवारीचा काष्टा मारून विहिरीवर हजर. अख्ख्या तांबेगावाची पोरं त्यांनीच पोहायला शिकवलेली, आमच्या सरपंचासकट. माझं न् त्यांचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. मी माणदेशातली. आमच्याकडं पाणी म्हणजे घागरीत मावतं तेवढं. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा ती विहीर बघितली, तेव्हा मला घेरी आली होती. आक्का सगळ्या बायकांसमोर हसल्या होत्या. मी ते विसरले नव्हते.

मग एवढी पाण्याला भिणारी बाई पोरीला विहिरीत धाडते कशी, असं कुणी विचारेल. तर धाडल्याशिवाय इलाजच नव्हता. गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नदीपलीकडं. आता तिथं पूल झालाय, पोरं मोटारसायकलवरनं जातात, पण तेव्हा खाशातात्या आंबी यांची नाव होती. फार मागं एकदा शाळेची नाव उलटली होती. पोहणारी पोरं काठाला लागली, दोन लागली नाहीत. तेव्हापासून गावाचा नियम पडला. मेच्या शेवटच्या रविवारी खाशातात्या विहिरीच्या काठावर येऊन बसणार, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी, बिंड्याशिवाय, विहिरीत तीन फेऱ्या मारील तेच पोर जूनपासून नावेत बसणार. बाकीच्यांची शाळा संपली. पोरं कशीही शिकायची. पोरींच्या आयाच म्हणायच्या, जाऊ दे, नाहीतरी सातवी झालीय.

मी तसं म्हणणार नव्हते. मी स्वतः सातवीला केंद्रात दुसरी आले होते. पुढची शाळा सहा कोसांवर होती, म्हणून तिथंच संपलं. उमी सातवीत वर्गात पहिली आली तेव्हा मी ह्यांना सांगितलं, "पोरगी हायस्कूलला जाणार. विहिरीत घालायची तर घाला, मी बघायला येणार न्हाय."

आणि तीन आठवडे खरोखर गेले नव्हते. तो सोमवार होता. परीक्षा रविवारी.

विहिरीवर पोचले तेव्हा उमी मधोमध होती. खरं सांगायचं तर छान चालली होती. हात लांब, मान वर, आणि तोंडाची टकळी चालूच. आक्का पायरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. माझी पोर दोन काटक्यांवर पाण्यात आणि ह्या सुपारी कातरतायत, हे बघून माझं डोकंच फिरलं.

"उमे," मी वरनं ओरडले, "माघारी फीर. तुझ्या पाठीवर काय न्हाय. बिंडा रिकामा हाय."

आक्कांनी झटकन मान वर केली. "शालन, गप," एवढंच म्हणाल्या.

पण तोवर उमीनं हात मागं नेला होता. तिनं फडकं चाचपलं. माझ्याकडं बघितलं. बारा वर्षांची पोर, डोळे एवढे मोठे झालेले मला वरनं दिसले. आणि ती खाली गेली.

वर आली, तोंडात पाणी, परत खाली. हात पाय काही मारीचना. मी काठावर उभी, नुसती "आक्का, आक्का" करतेय. आक्कांनी अडकित्ता टाकला आणि पायरीवरनंच सूर मारला. दोन हातांत पोचल्या, वेणीला धरून उमीला वर काढलं आणि ओढत पायरीला आणलं. उमीनं पाणी ओकलं, खोकली, मग रडायला लागली. जिवंत होती. मी पायऱ्यांवर बसून बसून, घसरत खाली गेले आणि तिला कवटाळलं. तिनं मला ढकललं.

आक्का ओलेत्यानं तशाच उभ्या होत्या. धाप लागलेली.

"आक्का, आठ दांडकी जळणात," मी म्हणाले. "आठ. माझ्या पोरीचा जीव घेत होता तुम्ही."

"मीच ठिवली ती. तिथं कोण बघतंय म्हणून ठिवली." त्यांनी फडक्यातली दोन दांडकी काढून माझ्यासमोर धरली. "ह्याच्यावर मांजराचं पिल्लू तरंगल का? चार दिस झालं, ती ह्या दोन काटक्यांवर पवती. म्हंजी आपल्या आपण पवती. मी दिसाआड एकेक काढत जाते. पोराला सांगत न्हाय. पाठीवर काय हाय ते पोराला दिसतंय थोडंच? शेवटच्या दिवशी मोकळं फडकं हातात देते, की बघ बाबा, तू कवाचाच पवतोस. तुझा नवरा असाच शिकला. खाशातात्याची पोरं अशीच शिकली. मोठी झाली तरी ल्हान पोरांना कुणी सांगत न्हाय. आजपातूर कुणी फोडलं न्हवतं."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तू कधी विचारलंस?" आक्का म्हणाल्या. "चौदा वर्सं विहिरीकडं पाठ करून बसलीस."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं. त्यांनी नाही चढवला. अडकित्ता शोधला, कमरेला खोचला आणि उमीच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या. उमीनं डोकं बाजूला घेतलं.

ह्यांना कारखान्यावरनं आल्यावर सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पाय धुतले, मग म्हणाले, "चूक झाली खरी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गावातल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू पळत गेली असतीस."

न सांगताही पळत गेलेच होते.

उमी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आक्कांनी हाक मारली तर अंथरुणातनं उठली नाही. बुधवारी ह्यांनी रजा टाकली, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला विहिरीवर नेलं. जळालेली दोन सोडून उरलेली आठही दांडकी तिच्यासमोर मोजून बांधली. ती शेवटच्या पायरीपर्यंत उतरली, घोटाभर पाण्यात उभी राहिली, आणि तिथनं हलेना. ह्यांनी हात धरून ओढायला बघितलं तर अशी किंचाळली की मळ्यातली माणसं धावत आली. आणली घरी परत.

मी भाकरी थापत होते. ती चुलीपाशी येऊन बसली.

"आई, तुला पवता येतं?"

"न्हाय."

"मग तुला कसं कळलं मी बुडणार ते?"

हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवत बसले. "मला भीती वाटली गं," मी म्हणाले.

"आत्या खोटं बोलली. बाबांना ठाऊक होतं, तेबी खोटं बोलले. तू एकटी खरं बोललीस आणि मी बुडले." हे ती रडत म्हणत नव्हती. गणितातलं उदाहरण सांगावं तशी सांगत होती. "आता मी कुणाचंच ऐकणार न्हाय. शाळा न्हाय तर न्हाय. मी घरी राहीन. तुझ्यासारखी."

तव्यावरची भाकरी करपली. ह्यांनी आतनं विचारलं, काय जळतंय. तुझ्यासारखी. पोरीनं टोमणा मारला असता तर मी पाठीत धपाटा घातला असता. पण तिनं ते अगदी साधेपणानं म्हटलं होतं. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ती नावेत कुठं बसायचं, कुणाशेजारी बसायचं, याचं बोलत होती. माझ्या तोंडानं ते सगळं पाण्यात घातलं होतं.

रात्री हे म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मी म्हणाले, "पुढचं वर्ष म्हणजे कधीच न्हाय, ते तुम्हालाही ठाऊक आहे." आमच्याच गल्लीत तीन पोरी पुढच्या वर्षावर टाकलेल्या होत्या आणि तिघी शेणी थापत होत्या.

गुरुवारी दुपारी आक्कांच्या खोलीत गेले. त्या वाती वळत होत्या.

"आक्का, एक जुनं लुगडं द्या."

"कशाला?"

"विहिरीत उतरायचंय."

त्यांनी वात खाली ठेवली. माझ्याकडं वरनं खाली बघितलं. मला वाटलं आता हसतील. मी तयारीच करून गेले होते.

"तू?"

"मीच. उमीनं शिकवायचं मला. बिंडा ती बांधणार, दांडकी ती मोजणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय. तुम्ही फक्त काठावर बसा. मी पवायला शिकले न्हाय तर न्हाय, पण तिला परत पाण्यापाशी उभं तरी करते."

आक्का उठल्या आणि पेटीतनं लुगडं काढलं. काष्टा कसा घालायचा ते मला येत नव्हतं, त्यांनीच घालून दिला. ओचाही त्यांनीच खोचला. "सोमवारी," त्या म्हणाल्या, "मी येणीला धरून वढली तिला. तवा माझाबी जीव गेला हुता. तुला सांगितलं न्हाय." मी मान हलवली. तेवढंच बोलणं झालं.

उमीला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. "तू पायऱ्याबी उतरत न्हाईस."

"म्हणून तर तुला नेतेय."

"मी पाण्यात येणार न्हाय. आधीच सांगते."

"नको येऊस. काठावरनं सांग."

दांडकी तिनं दोनदा मोजली, मग मला मोजायला लावली. आठ. फडक्यात गुंडाळून माझ्या पाठीला बांधली, आणि दोरीला तीन गाठी मारल्या. शिवाय दुसरी दोरी माझ्या कमरेला बांधून तिचं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. एवढ्या बंदोबस्तात मी लग्नातही उभी नव्हते.

बातमी कशी फुटली कोण जाणे. आम्ही पोचलो तोवर विहिरीच्या काठावर सात-आठ बायका न् पोरं जमलेली. आक्का एका बाजूला सुपारी घेऊन बसल्या. मी पायऱ्या उतरायला लागले. एक, दोन, तीन. पाणी घोट्याला लागलं. गुडघ्याला आलं तेव्हा मला वाटलं, झालं एवढं पुरे, पोरीनं बघितलं, आता जावं घरी. मागं बघितलं तर उमी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून माझ्याकडं एकटक बघत होती.

"सोड पायरी," ती म्हणाली.

"थांब जरा."

"आई, सोड की."

"सोडते गं बाई. घाई काय हाय?"

वरनं कुणीतरी फिसकन हसलं. मी डोळे मिटले आणि पाय उचलला.

बुडले नाही. बिंड्यानं मला धरलं होतं, पण हे मला सांगायचं कुणी? मी पाण्यात उभीच राहायला बघत होते, पायाखाली काही नाही, तोंडात पाणी, लुगडं फुगून वर आलेलं. हात असे आपटत होते की पाणी वरच्या बायकांच्या अंगावर उडालं असेल. "आक्का," मी ओरडले. आक्का जागच्या हलल्या नाहीत.

"आडवी हो," उमी ओरडत होती. "आई, आडवी हो. पाय खाली नको सोडूस. मान वर. वर म्हंजी वर."

"वरच हाय."

"अगं न्हाय. हात जवळ घे आणि लांब टाक. असं. असं बघ ना."

मी कुठली बघतेय. गोल गोल फिरत मी विहिरीच्या मधे चालले होते. तिनं दोरी ओढली तर मी पाठमोरी झाले. बायकांचा हसून हसून जीव चालला होता.

"किती वेळा सांगायचं तुला," उमी म्हणाली. आणि अंगणात उतरावं तशी पाण्यात उतरली.

ती माझ्याकडं येताना मला दिसली. हात लांब, मान वर, सोमवारी दिसली होती तशीच. माझ्यापाशी आली, एका हातानं माझी हनुवटी वर केली. "असं धर. आता माझ्या पायांकडं बघ. बेडकागत मारायचं." तिनं माझ्याभोवती एक फेरी मारून दाखवली. मग दुसरी. फ्रॉक तिच्या पाठीला चिकटलेला होता आणि त्या पाठीवर काहीही नव्हतं. बिंडा एकच होता. तो माझ्याजवळ होता. खाली पाणी किती होतं ते मला ठाऊक होतं, तीन पुरुष खोल.

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी जिभेवर. मी दात दाबले. वर बायकांचं हसणं थांबलं होतं. अडकित्त्याचा आवाजही थांबला होता. सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणीही बोलत नव्हतं.

मग तीच थांबली.

"आई."

"काय?"

"बिंडा तुझ्या पाठीवर हाय."

विषय बदलता आला असता. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला खोटं चालणार नव्हतं, आणि खऱ्यानं काय झालं होतं ते मी सोमवारी बघितलं होतं.

"हो," मी म्हणाले.

"आठच्या आठ?"

"आठच्या आठ."

"म्हंजी माझ्या..."

"तुझ्या पाठीवर काय न्हाय, उमे."

सोमवारी म्हटले होते तेच शब्द. पण ह्या वेळी ओरडून नाही, हातभर अंतरावरनं. तिनं हात मागं नेला. पाठ चाचपली. तिचं डोकं एकदा खाली गेलं. मग ते वर आलं. तिनं तोंडातलं पाणी बाजूला थुंकलं, केस मागं सारले आणि तिचे पाय पाण्याखाली चालू होते. थांबलेच नव्हते.

"मग तू कशाला थांबलीस?" ती मला म्हणाली. "पाय मार."

मी मारले. कसे ते विचारू नका. रडत रडत मारले, आणि पाण्यात कुणाला कळलं नाही. वरनं अडकित्त्याचा आवाज परत सुरू झाला. काठावर येऊन पायरी धरली तेव्हा हातापायांत त्राण नव्हतं, पण इतकं हलकं मला बाळंत झाल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

शुक्रवारी परत गेलो. तिला आता माझी मास्तरीण व्हायची चटक लागली होती. दांडकी मोजता मोजता म्हणाली, "आज सातच बांधणार हाय. सांगून ठिवते, नंतर म्हणू नकोस."

"एवढ्यात कमी?"

"घाबरत असलीस तर आठ बांधते. पण मी खोटं सांगणार न्हाय."

"बांध सात," मी म्हणाले.

आक्कांनी ते ऐकलं. घरी जाताना मला म्हणाल्या, "माझी पद्धत मोडली की गं तुझ्या पोरीनं." पण ते म्हणताना तोंडावर राग नव्हता.

रविवारी खाशातात्या काठावर घोंगडं टाकून बसले. पाच पोरं होती. चार पोरगे आणि उमी. तिचा नंबर शेवटचा. "नाव?" तात्यांनी विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं. "उर्मिला दिनकर मोहिते," ती म्हणाली आणि उडी टाकली. एक फेरी, दोन, तीन. तात्यांनी हात वर केला. ती थांबेना. चौथी फेरी मारून मग वर आली, दात वाजताहेत, ओठ निळे.

"तीन सांगितल्या होत्या की," तात्या म्हणाले. "चौथी कशाला?"

"तुमचं मोजायचं चुकलं तर?"

तात्या आक्कांकडं बघून म्हणाले, "हिला नावेत नको, वल्हं मारायलाच घेतो." मग तिला म्हणाले, "जूनमधी शाळा उघडंल त्या सोमवारी सातला यायचं. उशीर झाला तर मी थांबत न्हाय." हे माझ्या शेजारी उभे होते. माणूस कधी चारचौघांत बोलत नाही, पण तेव्हा माझ्या खांद्याला खांदा लावून म्हणाले, "झालं बाई एकदाचं." माझा जीव भांड्यात पडला.

जूनमधल्या त्या सोमवारी मी न् आक्का दोघी तिला घाटावर सोडायला गेलो. वरती कुठं पाऊस झाला होता, नदीला गढूळ पाणी आलं होतं. पात्र मेपेक्षा दुप्पट वाटत होतं. नावेत वीसेक पोरं, दप्तरं, दोन सायकली आणि एक करडू. उमी कडेला बसली, आणि बसल्या बसल्या शेजारच्या पोराशी जागेवरनं भांडायला लागली. "सरक की, ही माझी जागा हाय." नाव सुटली तेव्हासुद्धा त्यांचं चालूच होतं.

आम्ही दोघी बघत राहिलो. नाव मधे गेली, धारेला लागली, जरा तिरकी झाली. आक्कांनी माझं मनगट धरलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. खाशातात्यांनी वल्हं आवळलं, नाव सरळ झाली, आणि बघता बघता पलीकडच्या वाळूला टेकली. पोरं भराभर उतरली. उमीनं दप्तर डोक्यावर धरून उडी मारली आणि बाकीच्या पोरींबरोबर चढ चढून झाडीत दिसेनाशी झाली.

"माघारी वळून बघितलंबी न्हाय कारटीनं," आक्का म्हणाल्या.

"बरं झालं, आक्का," मी म्हणाले. "बघितलं असतं तर मी काहीतरी ओरडले असते."

आक्का हसल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग भाकरी टाकायच्या राहिल्या होत्या म्हणून घराकडं निघालो.